ओट्याखालची कचऱ्याची ट्रॉली

आमच्या स्वयंपाकघरात एकानं फ्रिजचं दार उघडलं की दुसऱ्यानं बाहेर हॉलमध्ये जाऊन उभं राहायचं, असा नियम आहे. तो कोणी केला नाही, जागेनंच करून टाकला. फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या नकाशात हे स्वयंपाकघर चांगलं ऐसपैस दिसत होतं. पण नकाशात फ्रिज नव्हता, पाण्याचा फिल्टर नव्हता, आणि मुख्य म्हणजे कचऱ्याचा डबा नव्हता. घराचे नकाशे काढणारी माणसं कचरा करतच नसावीत.

आमचा डबा म्हणजे झाकण हरवलेली एक निळी बादली होती. ती दाराच्या आड ठेवली तर दार पूर्ण उघडत नसे, ओट्याच्या कडेला ठेवली तर भाकरी करताना पायात येई, आणि फ्रिजच्या बाजूला ठेवली तर पाहुण्याला हॉलमधल्या सोफ्यावरून थेट तिचं दर्शन घडे. नवरा रोज सकाळी चहा घ्यायला आत यायचा, तिला लाथ मारायचा आणि तिलाच ‘सॉरी’ म्हणायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या पायावर पाय पडला तर मला त्यानं कधी इतक्या तत्परतेनं सॉरी म्हटल्याचं आठवत नाही.

मी स्वभावानं शांत आहे असं माझ्याबद्दल कोणीच म्हणणार नाही. शाळेत गणित शिकवते, आणि वस्तू जागच्या जागी नसली की माझं डोकं फिरतं. त्या बादलीनं ते रोज फिरत होतं. अशात पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा परदेशी स्वयंपाकघरात एक बाई ओट्याखालच्या दाराला नुसतं बोट लावते, दार आपल्या आपण पुढं येतं, आणि त्याच्यामागून झाकणाच्या दोन उंच बादल्या रुळावरून सरकत बाहेर येतात. बाई त्यात सालं टाकते, दाराला हलकेच धक्का देते, की कचरा गायब. खाली लेकीचा निरोप, “मम्मी, ये लगवा लो. पापा के पैर बच जाएँगे.” ती मराठी सगळी समजते, पण बोलायची वेळ आली की हिंदीत शिरते.

मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते सांगत नाही. नवरा म्हणाला, “लोक सिनेमे पाहतात, तू कचऱ्याचा डबा पाहून राहिली.” पण माझं ठरलं होतं. ओट्याखालची सगळी जुनी कपाटं काढून ट्रॉल्या करायच्या, आणि सिंकच्या शेजारची पहिली ट्रॉली कचऱ्याची.

आता इथं माझ्या आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते तिच्यामुळे झालं.

माझे आजोबा नागपूरकडून जबलपूरला कारखान्यात नोकरीला आले, तेव्हा दोन्ही गावं एकाच राज्यात होती. मग राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. आजोबा म्हणायचे, आपण जागचे हललो नाही आणि तरी परराज्यात आलो. माझे वडीलही त्याच कारखान्यात लागले, आणि पुढं त्यांनी जबलपुरातच महाराजपूरला दोन खोल्यांचं घर बांधलं. मागे आंगण, आंगणात कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली कचऱ्याचा टिनाचा डबा. हा डबा उंबऱ्याच्या आत कधीही येत नसे. पाऊस असो, थंडी असो, बटाट्याचं एवढंसं साल निघालं तरी आई ते घेऊन मागचं दार उघडायची आणि डब्यात टाकून यायची. येताना हात धुवायची. आम्ही भावंडांनी पेन्सिलीचा भुसा घरात ठेवला तरी ओरडा बसायचा.

या नियमामागे काय होतं ते मला मोठेपणी कळलं. आई लहान असताना तिच्या शाळेतल्या मुली तिच्या डब्यातलं काही खात नसत. त्यांच्या आयांनी त्यांना सांगून ठेवलेलं असे, की त्या वस्तीतल्या लोकांकडे घाण असते. आईच्या घरी तर तेव्हाही जमीन रोज सारवलेली असायची, पण ते बघायला त्या आया कशाला येतात? मग लग्न झालं, स्वतःचं घर झालं, आणि आईनं ते घर असं ठेवलं की कोणाची नाक मुरडायची हिंमत होऊ नये. सकाळी बुद्धवंदना झाली की ती जी कामाला लागे, ती दुपारी बारा वाजता पितळेचा तांब्या उन्हात चमकेपर्यंत थांबत नसे. मला तिचा या बाबतीत फार अभिमान वाटतो, आणि थोडी भीतीही वाटते.

वडील गेल्यावर ती त्या घरात एकटीच राहू लागली. भाऊ नोकरीनं दूर. मागच्या हिवाळ्यात आंगणात पाय घसरून ती पडली, आणि दूधवाला येईपर्यंत तिथंच बसून राहिली. हे तिनं मला सांगितलंसुद्धा नाही, दूधवाल्यानं सांगितलं. हाड मोडलं नाही, पण गुडघा कायमचा दुखायला लागला. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं, आईनं आमच्याकडे कायमचं राहायला यावं. लेकीची खोली रिकामी पडली होती. महाराजपूर शहराच्या एका टोकाला आणि आम्ही पार दुसऱ्या टोकाला, तिलवाऱ्याच्या रस्त्यावर. रात्री फोन वाजला की मी नंबर न पाहताच उचलायची.

ती यायची, नाही असं नाही. पण दहा दिवसांसाठी. तिची एक मेंदी रंगाची कापडी बॅग होती, कमानिया गेटच्या बाजारात घेतलेली, चेन बिघडलेली म्हणून सेफ्टी पिन लावलेली. ती बॅग खोलीच्या दाराशी, खुंटीला. मी कपाट रिकामं करून दिलं, हँगर दिले, खाली कागद अंथरला, तरी तिच्या साड्या बॅगेतून निघायच्या आणि धुऊन, घडी होऊन परत बॅगेतच जायच्या. राहायला ये म्हटलं की म्हणायची, “पाहू.” आणि दहा दिवस झाले की बॅग खुंटीवरून उतरायची. कोणी जास्त आग्रह केला तर दोन दिवस आधीच उतरायची. त्यामुळे मी आग्रह करणंही सोडून दिलं होतं. नुसती येताजाता त्या बॅगेकडे बघायची.

तर ट्रॉल्यांचं काम शेवटच्या टप्प्यात आलं आणि आई येते म्हणाली. जिनं आयुष्यभर उंबऱ्याच्या आत कचरा येऊ दिला नाही, तिला मी काय सांगणार होते? की आता कचरा घरात ठेवतो, तोही ओट्याखाली, पोळपाटापासून हातभर अंतरावर? मी ठरवलं की लगेच काही बोलायचं नाही. ती दोन-चार दिवस रमली की हळूच विषय काढायचा.

ती आली तो शनिवार होता. माझी शाळेत पालकसभा, नवऱ्याचं ऑफिस, आणि सुताराचा कामाचा शेवटचा दिवस. आई सकाळीच ऑटोतून उतरली. बॅग होतीच, पण ऑटोवाल्यानं मागून तांदळाची एक चुंगडीही, म्हणजे छोटं पोतं, वर आणून ठेवली, आणि तिच्यावर डाळीची पिशवी. “घरचा हाय, जुना तांदूळ,” एवढंच ती म्हणाली. मला घाई होती. मी तिला म्हटलं, आई, भैया काम करून राहिले, तू फक्त घरात बस. सुताराला म्हटलं, अम्मा हैं घर पे, आराम से कर लो. आणि पळाले.

संध्याकाळी आले तर घर लख्ख. लाकडाचा भुसा कुठं दिसेना, ओटा पुसलेला, ट्रॉल्यांची दारं चकचकीत. निळी बादली मी सकाळीच जाताना भंगारवाल्याला देऊन टाकली होती, त्यामुळे मोकळ्या कोपऱ्याकडे बघून मला हसूच आलं. आई आत जरा आडवी झाली होती. नवराही तेवढ्यात आला. मी चहा केला, गाळला, आणि गाळणी हातात घेऊन त्याला म्हटलं, “आता पाहा.” सिंकच्या शेजारच्या दाराला बोट लावलं. दार अगदी व्हिडिओतल्यासारखं पुढं आलं. दोन राखाडी बादल्या रुळावरून सरकत बाहेर आल्या. मी ऐटीत पहिलीचं झाकण उचललं.

आत काठोकाठ तांदूळ होता. वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. दुसरीत तुरीची डाळ.

मी गाळणी तशीच धरून उभी. नवऱ्यानं बादलीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग गॅसवरच्या कुकरकडे बघितलं. आईनं खिचडी लावून ठेवली होती. “अच्छा,” तो हळूच म्हणाला, “म्हणजे आज आपण कचऱ्याच्या डब्यातलं खाऊन राहिलो.”

“हळू बोल!” मी त्याचं तोंडच दाबलं. “नवा आहे तो. कोरा आहे. काही झालेलं नाही त्याला.”

“मग सांगून टाक ना आईंना.”

सांगून टाक म्हणे. काय सांगू? आई, तू घरचा जुना तांदूळ निवडून, पाखडून, पाला घालून ज्यात भरलास, ती कचऱ्याची बादली आहे. आणि हो, कचरा ओट्याखाली ठेवायचं मी तुला न सांगताच ठरवलं होतं. ज्या बाईच्या डब्यातलं एकेकाळी कोणी खात नव्हतं, तिला तिच्या मुलीनं हे सांगायचं? ती मला एका शब्दानं बोलली नसती. गुपचूप उठून खुंटीवरची बॅग काढली असती, आणि मग ‘पाहू’ म्हणण्यापुरतीसुद्धा परत आली नसती. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर इतकं स्पष्ट उभं राहिलं की मी गाळणीतला चोथा सरळ सिंकमध्ये उपडा केला, आणि मग तो सिंकच्या जाळीतून बोटांनी काढत बसले.

जेवताना खिचडी फार छान झाली होती. नवऱ्यानं दोनदा घेतली. तेवढ्यात आई अगदी सहज म्हणाली, “काहून व, कचरा कुठी ठेवता तुम्ही? मी शोधून राहिली सकाळपासून.”

मी ताटातली खिचडी उगाच कालवली. “कचरा? कचरा... गॅलरीत, आई. सध्या गॅलरीत.”

“हाव?” ती म्हणाली आणि ताकाची वाटी पुढं ओढली.

अशा रीतीनं, घरात इतक्या ट्रॉल्या असूनही, आमचा कचरा बेघर झाला.

बोलल्याप्रमाणे गॅलरीत पिशवी ठेवली. दुसऱ्याच दिवशी माकडं आली. आमच्या भागात ती अधूनमधून येतातच, पण आमच्या गॅलरीत त्यांना रस नसे, कारण तिथं वाळत घातलेल्या बनियनांपलीकडे काही नव्हतं. आता त्यांनी पिशवी फाडली, केळ्याची सालं खाल्ली, आणि जे आवडलं नाही ते खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीत टाकलं. काकू वर येऊन मला जे बोलल्या ते मी ऐकून घेतलं. माझी बाजू मांडायची तर खरं सांगावं लागलं असतं.

मग मी सिंकखालच्या दारामागे, पाइपाला एक हूक अडकवून पिशवी टांगली. जागा चांगली होती, कोणाला दिसणारी नव्हती. पण कलिंगडाचे दिवस होते, आणि सालीच्या वजनानं पाइपाचा जोड निसटला. अख्खा रविवार नवरा सिंकखाली डोकं घालून बसला होता. आई त्याला बॅटरी धरून देत होती आणि विचारत होती, “जावई, हे असं निघालंच कसं?” तो आतूनच म्हणाला, “जुनं झालं होतं, आई.” सगळं काम होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

शेवटी उरलं बाथरूम. तिथं बेसिनखाली मी त्याच सुताराकडून एक लहान कपाट करून घेतलं होतं, आणि त्याच्या दाराला आतून एक छोटा डबा बसवला होता. दार उघडलं की डबा आपला दाराबरोबर पुढं येतो, साबणाचे कागद टाका, दार लावा. फार सोय. मी मुळात तो ब्लेड, केस आणि टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूब यांच्यासाठी केला होता. आता त्यात घरातला सगळा ओला कचरा जायला लागला. आई स्वयंपाकघरातून बाहेर पडली की मी भाजीच्या देठांची मूठ आवळून बाथरूमकडे धावायची. नवरा तर एकदा शर्टाच्या खिशात कांद्याची सालं भरून, हातात टॉवेल घेऊन, शीळ वाजवत गेला. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेला माणूस, पण चेहऱ्यावर भाव असा की पाहणाऱ्यानं लगेच अटक करावी.

“तुमच्या बाथरूमात कांद्याचा वास काहून येते?” आईनं विचारलं.

“नवीन साबण आहे, आई,” नवरा म्हणाला. “आयुर्वेदिक.”

आई पदराचं टोक तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, वास सहन झाला नाही.

या सगळ्या पळापळीत एक गोष्ट माझ्या लक्षात यायला उशीरच झाला. दहा दिवस होऊन गेले होते. आई जायचं नाव काढत नव्हती. उलट तिनं गॅलरीत एका कुंडीत कोथिंबीर पेरली होती. मी नवऱ्याला हे कुजबुजून सांगितलं, तर तो म्हणाला, मग आता तर बिलकुल तोंड उघडू नको. मलाही ते पटलं. ती त्या ट्रॉलीवर खूश होती, हे दिसतच होतं. सकाळी ओट्यापाशी उभी राहायची, बोट लावायची, वाटी बुडवायची, परत हलकेच ढकलायची. गुडघ्याला त्रास नाही, वाकायला नको. मी मात्र धान्यासाठी वरचं, छताला टेकलेलं कपाट ठेवलं होतं, ज्याला मलाच स्टूल लागतं. ते रिकामंच पडलं होतं. त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

एक दिवस शेजारची दीदी नवं किचन बघायला आली. एकेक दार उघडून ‘वाह, वाह’ करत ती सिंकपर्यंत पोचली, हात त्याच ट्रॉलीच्या दारावर ठेवला आणि म्हणाली, “अरे, ये तो वो डस्टबिन वाली...” मी हातातलं ताट सोडून दिलं. स्टीलचं ताट फरशीवर असं वाजलं की दीदी किंचाळली, आई शेंगा सोलायच्या सोडून उठली आणि विषय बदलला. ताटाला पोचा आला. पण आई राहिली होती, त्यापुढं पोचा काय मोठा.

पण बाथरूमचा तो इवलासा डबा आमच्या घराचा भार किती दिवस सोसणार? वजनानं कपाटाच्या दाराची बिजागरी, सुताराच्या भाषेत कब्जा, ढिली झाली, दार लोंबायला लागलं, आणि सकाळी दाढी करताना नवऱ्याच्या पायावर पडलं. या वेळी तो कोणालाच सॉरी म्हणाला नाही. मला नाइलाजानं सुताराला फोन करावा लागला.

तो आला तेव्हा मी डोळ्यात तेल घालून उभी होते. त्याला थेट बाथरूममध्ये नेलं, काम होईपर्यंत दारात थांबले. त्यानं कब्जा बदलला, दार दोनदा उघडून मिटून दाखवलं, आणि हत्यारं पिशवीत भरताना म्हणाला, “मैडम जी, किचन की ट्रॉलियाँ भी देख लेता हूँ, चैनल में तेल डाल दूँ.” मी म्हटलं, नको, नको, अगदी छान चालतात. पण माणूस हौशी. मी नको म्हणेपर्यंत तो स्वयंपाकघरात पोचलाही होता. आई ओट्यापाशी उभी राहून मेथी निवडत होती. त्यानं सिंकशेजारच्या दाराला बोट लावलं, झाकण उचललं आणि मोठ्यानं म्हणाला, “अरे! इसमें चावल? अम्मा जी, मैंने उस दिन बताया तो था, ये वाला कचरे का है!”

मी डोळे मिटून घेतले. खरंच मिटले. आता बॅगेची सेफ्टी पिन लावल्याचा आवाज येईल असं वाटलं.

“बताया था भैया, बताया था,” आईचा आवाज आला, अगदी निवांत. “बहरी नहीं हूँ मैं. तुम तेल डालो.”

मी डोळे उघडले. आई मेथीच निवडत होती. सुतारानं रुळांना तेल घातलं, आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि भराभर निघून गेला.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“हाव.”

“पहिल्या दिवसापासून?”

“हाव ना. त्यानं सांगितलं तवाच तर भरला मी तांदूळ.” तिनं मेथीचा देठ तोडला. “काय व बाई तुझी अक्कल. घरातली सगळ्यात चांगली जागा, नुसतं बोट लावलं का बाहेर येते, वाकाले नको, चढाले नको, ते तू कचऱ्याले दिली. अन् तांदूळ कुठी? तर वर, छताले. मी या गुडघ्यानं रोज स्टुलावर चढू का?”

“मग बोलली काहून नाही?”

“तू काहून नाही बोलली? मी तर पहिल्याच दिवशी विचारलं तुले, कचरा कुठी ठेवता म्हणून. तू म्हणे गॅलरीत.” आता तिला हसू आवरेना. “म्हटलं पाहू, किती दिवस लपवतात दोघं. ते जावई बिचारे खिशात कांदा घेऊन...” तिला पुढं बोलताच आलं नाही. ती ओट्याला धरून हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वडील गेल्यानंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसायला लागले, आणि मग कसं कोण जाणे, रडायलाच लागले. नाक ओढत तिला सगळं सांगून टाकलं, की मला वाटलं तुला किती लागेल, कचऱ्याच्या डब्यातलं खाल्लं म्हणून. मला वाटलं तू जाशील.

तिचं हसू थांबलं. तिनं पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

“कोरा डबा होता. मी घासून, उन्हात वाळवून मग भरला,” ती म्हणाली. “लोकांनी आमच्या घराले नावं ठेवली, म्हणून मी जन्मभर कचऱ्याले भेत राहिली. दारात नको, घरात नको. आता काहून भेऊ? माझ्या घरात काय कुठं ठेवायचं ते मी ठरवीन.”

माझ्या घरात, असं ती म्हणाली. मी ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. इतक्या वर्षांत तिच्याबाबतीत मी एवढं तरी शिकले होते.

मग तिनं ठरवलंच. सिंकखाली, दाराच्या आतल्या बाजूला एक लहान डबा, ओल्या कचऱ्यासाठी, आणि तो रोज सकाळी कचऱ्याची गाडी आली की रिकामा व्हायलाच हवा. मोठी बादली ठेवली की माणूस उद्यावर ढकलतो, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, “आणि सुका? दुधाच्या पिशव्या, कागद, ते कशात ठेवायचं? त्याला पण काहीतरी लटकवावं लागेल.”

“थांब,” ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकत खोलीत गेली.

मी तिच्या मागे गेले नाही, पण कपाटाचं दार उघडल्याचा आणि हँगर सरकल्याचा आवाज आला. तेवढ्यात मला त्या चुंगडीची आठवण झाली. दहा दिवसांसाठी येणारी बाई घरातला सगळा जुना तांदूळ आणि सगळी डाळ का घेऊन येईल? महाराजपूरची धान्याची टिनाची कोठी तिनं रिकामी करूनच आणली होती. मी गणित शिकवते, आणि एवढा साधा हिशेब मला ती सगळी पळापळ होऊन जाईपर्यंत सुटला नव्हता.

आई परत आली. हातात मेंदी रंगाची ती कापडी बॅग होती, रिकामी, उलटी करून झटकलेली. सेफ्टी पिन काढून तिनं आपल्या बांगडीत अडकवली होती.

“हे घे,” ती म्हणाली. “सिंकखाली लटकव, सुक्या कचऱ्याले. मले आता काय कामाची.”

मी ती घेतली, सिंकखालच्या दाराला आतून एक हूक लावला आणि त्याला अडकवली. नीट बसली. संध्याकाळी नवऱ्यानं दुधाची धुतलेली पिशवी टाकायला दार उघडलं, आत बॅग बघितली, पिशवी तिच्यात टाकली आणि दार हलकेच लावून घेतलं.